ओळंब्याची शेवटची भिंत

त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो ना, तोच ओळंबा. पन्नास वर्षं या गड्यानं गवंडीकाम केलं आणि त्याची एक भिंत कुणाला सूतभर वाकडी सापडली नाही. माणूस तसा गमत्या, पण विटेला हात लागला की थट्टा बंद. बायको त्याच्याच हाताखाली घमेली वाहायची. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी तिच्या डोक्यावर जे घमेलं चढलं ते पासष्टीला उतरलं, तेही मानेनं साफ नकार दिला म्हणून.

दोघांचं हातावर पोट. हात थांबले, पोट काही थांबेना. मुलगा शहरात, त्याचं त्यालाच पुरत नव्हतं. फोन करायचा तोसुद्धा, "आई, सध्या जरा ओढाताण आहे," असं सुरुवातीलाच सांगून मोकळा व्हायचा, म्हणजे पुढचं काही विचारायला नको. ओळंबा ताटावरून उठायचा आणि म्हणायचा, "मला भूकच नाही आज." आणि म्हातारी म्हणायची, "मी मघाशीच खाल्लं." दोघंही खोटारडे.

मग सरकारनं म्हाताऱ्यांना दर महिन्याला थेट खात्यात मदत द्यायला सुरुवात केली. दोघांना दोन. मोठी नव्हती हो रक्कम, पण काय सांगू! दुकानदार, जो यांना बघून पाठ फिरवायचा, तो "या आजी, बसा" म्हणायला लागला. ओळंब्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या. म्हातारीनं चष्मा केला आणि पहिल्या दिवशी नवऱ्याकडे बघून म्हणाली, "अगं बाई, तुम्ही इतके म्हातारे झालात?" आठ महिने असे सुखात गेले. आठच.

नंतर नियम आला. एका चुलीला एकच मदत.

आता मला सांगा, एका चुलीवर पोट एकच असतं का? पण हे विचारायचं कुणाला! कचेरीतल्या कारकुनानं वर न बघता कागद सरकवला आणि म्हणाला, "एकत्र राहत असाल तर एकच. विभक्त असाल, दार वेगळं, चूल वेगळी, तर दोन." दोघं घरी आले. एका मदतीत गोळ्या तरी आणायच्या नाहीतर पीठ तरी. म्हातारीनं तीनदा हिशेब मांडला, तीनदा मोडला. ओळंबा बराच वेळ खोलीकडे बघत बसला. मग उठला आणि कोपऱ्यातून थापी काढली.

"विभक्त होऊ," म्हणाला.

एकच तर खोली. तिच्या मधोमध त्यानं भिंत घालायला घेतली. मागच्या पडक्या गोठ्याच्या विटा, म्हातारीनं कालवलेला माल. ती म्हणाली, "अहो, दोन बोटांची घाला. सोंगच तर आहे." तो चिडला. "सोंगाची भिंत पडली तर माणसं खरी मरतात. मला वाकडं बांधता येत नाही." आणि या शहाण्यानं नऊ इंची भिंत घातली! ओळंबा सोडून, सांधे भरून, वर गुळगुळीत गिलावा. मागची बाजू फोडून स्वतःसाठी वेगळं दार काढलं. शेवटचा हात फिरवताना म्हणाला, "बघ, इकडचा शब्द तिकडे जाणार नाही." फुशारकी मारून झाली आणि म्हातारीनं हातातलं घमेलं खाली ठेवलं. हे तिच्या आधी लक्षातच आलं नव्हतं.

मग ठोके ठरले. सकाळी तो थापीच्या मुठीनं भिंतीवर दोन ठोके द्यायचा, उठलोय म्हणून. ती पळीनं दोन परत करायची. परका माणूस घरात असला तर ती उत्तर देणार नाही आणि त्यानं समजून गप्प बसायचं. जेवण ती एकाच चुलीवर करायची, दुसरी नुसती धूर दाखवायला, आणि अंधार पडला की ताट पदराखाली घेऊन घराला वळसा घालून जायची. स्वतःच्या नवऱ्याकडे, चोरासारखी.

नळावर मात्र ती सोंग असं वठवायची की बायका तोंडात बोटं घालायच्या. "त्या मेल्याचं नाव काढू नका माझ्यापुढे!" शेजारची शिंपीण तेवढी गालात हसायची, तिला सगळं माहीत होतं. रात्री ओळंबा म्हणायचा, "आज फार मनापासून शिव्या दिल्यास गं." ती म्हणायची, "एकोणपन्नास वर्षं साठल्यात." एकेकदा तो म्हणायचा, "काल खोकला फार होता तुला, काढा घे." तिला नवल वाटायचं, याला कसं कळतं? म्हणायची, माझा चेहरा वाचतो.

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं, आणि कुणीतरी कचेरीत तक्रारीचा कागद घातला. तपासणी होईपर्यंत दोघांचीही मदत थांबली. एक महिना गेला, दुसरा गेला. दुकानदारानं पुन्हा पाठ फिरवली. गोळ्या संपून वीस दिवस झाले. ओळंब्याचा डावा हात बधिर व्हायला लागला. म्हातारी म्हणाली, "मी जाऊन सांगते, एकत्रच राहतो म्हणून. एक तर एक. निदान तुमच्या गोळ्या येतील." तो म्हणाला, "आणि तू खाशील काय? माती? तपासणी होऊ दे. थांब थोडं." तिचा जीव टांगणीला लागला होता, पण ती थांबली.

तपासनीस आला तो सकाळी दहाच्या सुमाराला. घामाघूम झालेला, वयानं बेताचा, तसा सरळ माणूस. आधी पलीकडे गेला. मग वळसा घालून हिच्याकडे आला आणि पिठाच्या डब्याशेजारी पाटावर टेकला.

"आजोबा झोपूनच होते," तो म्हणाला. "बरं नाही म्हणाले. तुमचं नाव काढलं तर केवढे भडकले! म्हणाले, ती बाई नाव घेण्याच्या लायकीची नाही."

म्हातारीला मनातल्या मनात हसू आलं. वा, काय वठवलंय! तीही पदर खोचून बसली.

"होता कधीकाळी नवरा. आता शेजारी आहे, तोही खुळा."

तपासनीसानं चूल बघितली, भांडी मोजली, कागदावर लिहायला लागला. तेवढ्यात भिंतीवर दोन ठोके पडले. म्हातारी हलली नाही. पुन्हा दोन पडले. आत्ता कशाला ठोकतोय हा? माणूस बसलाय हे माहीत आहे ना याला? मग ठोके भराभर पडायला लागले, वेडेवाकडे, काही जोरात, काही अगदी हलके.

तपासनीसाचं पेन थांबलं. "हे काय?"

दोन महिन्यांची उपासमार त्या पेनाच्या टोकाशी येऊन अडकली होती. तिनं कपाळावर हात मारला आणि नळावरचा तो आवाज काढला. "खुळा आहे म्हटलं ना! दिवसभर ठोकत बसतो. मरतही नाही एकदाचा!"

ठोके थांबले.

तपासनीस हसला. "ऐकलं वाटतं आजोबांनी!"

"छे हो," ती म्हणाली, "नऊ इंची भिंत आहे. तिकडे काय ऐकू जातंय!"

त्यानं लिहिलं, दार वेगळं, चूल वेगळी, विभक्त. अंगठा घेतला, पाणी प्यायला आणि गेला. त्याची गाडी वळणाआड जाईपर्यंत ती दारात उभी राहिली, कारण तसं ठरलेलं होतं. मग तिनं पळी उचलून भिंतीवर दोन ठोके दिले, जमलं म्हणून. उत्तर आलं नाही. पुन्हा दिले. मग ती धावली, पासष्टीला घमेलं टाकलेली बाई अनवाणी धावली घराला वळसा घालून.

तो अंथरुणावरून अर्धा खाली आला होता, भिंतीला चिकटून. थापी उजव्या हातातच होती. अंग अजून कोमट होतं. तिनं त्याला गदागदा हलवलं, हाका मारल्या, दोन वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं, उजेडात, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा. "अहो! अहो, उठा ना!" गल्ली धावत आली.

पुढच्या महिन्यात तिची मदत आली, थकलेल्या दोन महिन्यांसकट. दुकानदारानं "या आजी, बसा" म्हटलं. ती बसली नाही.

त्या दुपारी ती त्याचं अंथरूण काढायला पलीकडे गेली. शिंपीण मदतीला होती. उशाच्या जागी, जमिनीलगत, म्हातारीला गिलावा न केलेली एक वीट दिसली, जिच्या चारी बाजूंना माल नव्हता. गवंड्याची बायको ती, तिची नजर चुकते कशी? तिनं बोटं घातली आणि वीट खणासारखी बाहेर आली. मागे बोटभर पोकळी, आणि पलीकडे पिठाच्या डब्यामागून आलेला उजेड. पन्नास वर्षांत त्या माणसानं एक सांधा कच्चा सोडला नव्हता. हा सोडला होता. खोकला कसा कळायचा ते तिला कळलं.

मग ती शिंपिणीला म्हणाली, "बाई, माझ्या घरात जा. डब्याशेजारी पाटावर बस. मी त्या दिवशी बोलले ते बोल."

"काय बोलायचं?"

"मरतही नाही एकदाचा."

"मेलं, असलं काय बोलायला लावतेस मला!"

"जा गं."

शिंपीण वळसा घालून गेली. म्हातारी त्याच्या जागी आडवी झाली, त्याच्यासारखाच कान उशाशी ठेवून. शिंपीण परत आली तेव्हा ती तशीच पडलेली होती.

"आलं का काही ऐकू?"

"सगळं." ती विटेवरून हात फिरवत राहिली. "मला वाटायचं, जीव गेला म्हणून ठोके थांबले. नाही गं. माझं ऐकलं, आणि माणूस बसलाय, सोंग मोडेल, म्हणून त्यानं हात थांबवला."