बाप्तिस्म्याचा झगा

नातीच्या बाप्तिस्म्यासाठी पेटीतला जुना पांढरा झगा काढला आणि डांबरगोळ्यांच्या वासासरशी आमचं कांदिवलीचं घर आठवलं. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. बाळंतीण तेव्हा देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जात नसे, म्हणून आई घरीच पडून होती. चार दिवसांच्या सातव्या लेकीला मावशीने देवळातून बाप्तिस्मा करून आणलं आणि आईच्या कुशीत ठेवलं.

"घे गं, आदामापासून चालत आलेलं पाप धुऊन आणलं."

"धुतलं ना? मग रडते का अजून?" आई डोळे न उघडताच म्हणाली.

आम्ही भावंडं पोट धरून हसलो.

आज माझी लेक बसल्याबसल्या पेंगत होती आणि तान्ही रडत होती. मी नातीला उचललं. "झोप गं तू," लेकीला म्हटलं.

आईला हे आमच्यापैकी कोणीच कधी म्हटलं नाही. ते पाप काही आदामाचं नव्हतं.