दाजींचा बिनसोन्याचा गणपती

अख्ख्या जालना जिल्ह्यात हाती आलेली लग्नपत्रिका न वाचणारा एकच माणूस असेल, आणि संतापाची गोष्ट अशी की पत्रिकांवर सोनेरी छपाई करणं हाच त्याचा धंदा आहे. हा माणूस म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी. लग्न कुणाचं, कधी, कुठं, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. पत्रिका हातात पडली की ते खिडकीशी जातात, ती उजेडात तिरपी धरतात, वरच्या गणपतीवरून अंगठा फिरवतात आणि देणारा समोर उभा असताना म्हणतात, "ठसा थंडा होता." माझ्या चुलतभावाच्या लग्नाला तर ते भलत्याच मंगल कार्यालयात जाऊन जेवून आले, कारण पत्त्याच्या ओळीपर्यंत ते पोचलेच नव्हते. आमच्या घरचा आहेर त्यांच्याच हाती दिलेला होता. तो कोणत्या नवरीला गेला, देव जाणे.

मंठ्याला बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं एका खोलीचं दुकान आहे. तिथं एक जुनं मशीन, सोनेरी फॉइलची रिळं आणि गणपतीचे पितळी ठसे. ठसा तापतो, फॉइलमधून कागदावर दाबतो, खालून पुठ्ठ्याचा जोडठसा कागद वर उचलतो, आणि एका दाबात सोनंही चढतं, उठावही येतो. ठशाचा ताव, म्हणजे आच, जास्त झाला की सोनं पसरतं, कमी झाला की धरत नाही. एवढंच. पण या एवढ्यावरून दाजी साऱ्या जगाशी भांडतात. पत्रिकेला ओलं कुंकू लावणाऱ्या बायकांना ते हटकतात. एकदा मी जालन्याहून पेढे नेले, तर खोक्यावरची सोनेरी अक्षरं नखानं खरवडून त्यांनी खोकं माझ्याकडे सरकवलं. "ज्यानं वरून अशी बेइमानी केली, त्यानं आत काय केलं असंल?" पेढे ताजे होते. मी रागानं सगळे स्वतः खाल्ले.

अशा माणसाच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न ठरलं आणि ती म्हणाली, "पप्पा, पत्रिका कोण ठेवतंय आता? मोबाइलवर पाठवू." दाजी जेवणावरून उठले. "मोबाइलवर अंगठा फिरवला की गणपती पळून जातो. हाताला लागतो का तो?" माझी बहीण मधे पडली आणि ठरलं की कुलदेवतेपुढं ठेवायला तेवढी एक पत्रिका छापायची.

एक पत्रिका. पण ताव बसेपर्यंत पहिले कागद वायाच जातात, आणि लेकीच्या पत्रिकेसाठी दाजींच्या मनासारखा ताव काही बसेना. एकात सोंड पसरली, एकात मोदक बुजला. मधेच लाईट गेली, ठसा निवला, आणि एका पत्रिकेवर सोनं धरलंच नाही. नुसता पांढरा गणपती कागदातून वर आला. शेवटी एक पत्रिका मनासारखी निघाली, ती देवापुढं गेली. बाकीचा गठ्ठा दाजींनी कोपऱ्यात टाकला. लेकीनं तो उचलला आणि बापाच्या नकळत नातेवाइकांत वाटून टाकला.

हे दाजींना कळलं ऐन मांडवात. कुणीतरी म्हणालं, "पत्रिका लई भारी केल्ती बरं का." बस्स. लेक बोहल्यावर उभी आणि बाप पाहुण्यांना विचारत फिरतोय, "तुमच्यातली सोंड बराबर होती का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एवढ्यावर भागलं असतं तर हे दाजी कसले? लग्न आटोपल्यावर त्यांनी त्याच लग्नाच्या पत्रिका नव्यानं छापल्या आणि चांगली देऊन खराब परत घ्यायला गावोगाव निघाले. मोटारसायकल माझी. एका घरी म्हाताऱ्या मावशींनी पत्रिका उलटीसुलटी करून विचारलं, "पुन्हा लगीन करून राह्यले का पोरीचं?" मी तोंड लपवायला जागा शोधत होतो.

सगळ्या परत आल्या. राहिली फक्त ती बिनसोन्याची. ती लेकीनं आष्टीला, सासरी नेलेली. तेव्हापासून आष्टीच्या बाजाराला दाजी मला घेऊन जातात आणि दारातच लेकीवर डाफरतात, "माझा खराब माल दे इकडं." ती म्हणते, "न्हाई देत." मग चहा होतो, जेवण होतं, आणि आम्ही तसेच परत येतो. एका कागदापायी माझी रजा जाते, पेट्रोल जातं, पाठ दुखते. याला काय म्हणावं?

मागच्या खेपेला तिनं कंटाळून पत्रिका आणून त्यांच्यापुढं ठेवली. "घ्या पप्पा. जिवाला घोर नको तुमच्या."

दाजींनी चष्मा लावला. त्या पांढऱ्या गणपतीवरून सावकाश अंगठा फिरवला. मग पत्रिका तिच्याकडे सरकवून म्हणाले, "बदल्यात द्यायची चांगली आणायची राह्यली आज. असू दे. पुढच्या बाजाराला येतो, मंग नेतो."

त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून चांगल्या पत्रिकेची सोनेरी कड मला स्पष्ट दिसत होती. लेकीलाही दिसली असावी, कारण ती एकदम आत निघून गेली. परतीच्या वाटेवर मी पुढच्या बाजारापुरतं पेट्रोल भरून घेतलं.