आकडसासूबाईंच्या पत्रिका

वर्धा जिल्ह्यात आजवर जेवढी लग्नं लागली, त्यांतली निम्मी माझ्या आकडसासूबाईंच्या पिशवीत सापडतील. आकडसासू म्हणजे बायकोची थोरली बहीण. आमच्याकडे तिला मान सासूचा असतो, आणि माझ्या घरात धाकही तिचाच. सेलूत माझा छोटा छापखाना आहे आणि लग्नपत्रिकांवर आमचं पोट चालतं. सोयरीक जुळली तेव्हा मला वाटलं होतं, बाईंना जावई पसंत पडला. पुढे कळलं, छापखाना पसंत पडला होता.

शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंनी ओसरीत एक वर्ग मांडला. ज्यांच्यापुढे भल्याभल्या मास्तरांनी हात टेकले, अशी सहा जणं तिथं येतात. काही तर चांगली विशीतली. कुणाला कालचं अक्षर आज ओळखू येत नाही, कुणाची एक ओळ वाचून होईस्तोवर दुपार कलते. 'क कमळाचा' बाईंनी पहिल्याच महिन्यात गुंडाळून ठेवला. "कमळ पाह्यलं काय इथं कोणी? मामाचं नाव दिसलं का कसे डोळे चमकते पोराईचे!" म्हणून पत्रिका. ठळक अक्षरं, आणि पानभर माणसांची नावं. आता लोक मोबाईलवर पत्रिका पाठवतात, त्यावर बाईंचा भारी राग. "बोट ठेवलं का सरकून जाते मेली. त्याच्यावर वाचाव कसं?"

माझ्याकडच्या बिघडलेल्या पत्रिका त्या हक्कानं नेतात, पण तेवढ्यानं त्यांचं भागत नाही. वडनेरच्या एका लग्नात पंगत बसली असताना त्या सरळ मुलीच्या बापापुढे उभ्या राहिल्या, "पत्रिका उरल्या काय?" त्या बिचाऱ्याला वाटलं, बाईंना आमंत्रण पोचलं नाही. तो हात जोडून माफी मागू लागला. बाईंनी माफी घेतली आणि वर वीस पत्रिकाही घेतल्या. एका घरी तर तेरवीच्या, म्हणजे मेलेल्या माणसाच्या तेराव्याच्या, पत्रिकांचा गठ्ठा मागितला. माझी बायको शरमेनं अर्धी झाली. बाईंचं उत्तर, "नाव तं त्यातबी असते ना?"

त्यांच्या वर्गात 'चुकलं' हा शब्द बोलायला बंदी. जमलं नाही की फक्त 'पुन्हा' म्हणायचं. नंदा नावाची बावीस वर्षांची मुलगी तिथं दोन वर्षं नुसतं स्वतःचं नाव ओळखायला शिकत होती. रोज पुन्हा, पुन्हा, पुन्हा. ते ऐकून माझंच डोकं उठायचं. एकदा मी शहाणपणा केला, "बाई, आता पुरे करा. त्या पोरीला नाही जमायचं."

"जवाईबुवा," बाई म्हणाल्या, "मशीनीत कागद अटकला का तुमी दुकान बंद करता काय?"

तिसऱ्या वर्षी नंदाला जमलं. मग तिनं कुणाचंच नाव सोडलं नाही. बोट ठेवून, एकेक अक्षर चघळत, पण वाचायची.

त्याच साली नंदाच्या धाकट्या बहिणीचं, वर्षाचं लग्न ठरलं. वडील मजकूर घेऊन माझ्याकडे आले. स्वागतोत्सुक काका, मामा, आत्या, आणि खाली 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' म्हणून झाडून सारी चिल्लीपिल्ली. नंदा कुठंच नव्हती. माझ्या लक्षात आलं होतं, खोटं कशाला बोलू? पण गिऱ्हाइकाच्या घरात आपण कशाला डोकवायचं, असं म्हणून मी छापून मोकळा झालो.

त्यातल्या चार बिघडलेल्या पत्रिका नेहमीप्रमाणे बाईंच्या पिशवीत गेल्या. दुसऱ्या दिवशी मी ओसरीवर चहा घेत होतो. घरचीच पत्रिका हाती आल्यावर नंदा हरखली. वर्षा वाचलं, बाबांचं नाव वाचलं, मामा वाचला, खालचा पिंटू वाचला. पत्रिका उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. मग तिनं बोट परत सगळ्यात वर नेलं. तीन वेळा वाचली तिनं ती पत्रिका. तिसऱ्यांदा संपली तेव्हा रडवेली होऊन म्हणाली, "बाई, माह्यं नाव मले सापडून नाई राह्यलं. पुन्हा वाचू?"

पोरीला वाटत होतं, आपल्यालाच वाचता येत नाहीये. मी चहाचा कप खाली ठेवला.

बाईंनी तिचं बोट हातात धरलं. "नाई. पुन्हा नाई. चुकलं हाये हे. तुह्यं नाई, छापनाऱ्याचं." त्या ओसरीवर तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला, तोही माझ्यावरच पडला. आणि बरोबर पडला.

अर्ध्या तासात बाई नंदाला घेऊन माझ्या दुकानात ठाण मांडून बसल्या, आणि मला तिच्या वडिलांना फोन लावायला लावला. ते आले. खाली मान घालून म्हणाले, "बाई, नव्या सोयऱ्याईनं थोरलीचं इचारलं तं काय सांगू? अन् तिले कुठं वाचता येते, म्हनून..."

"वाच व माय," बाई म्हणाल्या.

नंदानं वाचलं. बोट हळूहळू सरकत होतं. स्वतःच्या बापाचं नाव वाचताना तिनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि हसली.  वडील माझ्याकडे वळून म्हणाले, "पुन्हा छापा, भाऊ. तिचं नाव सगळ्यात पयले टाका."

वर्षाच्या लग्नाला आता दोन वर्षं झाली. बाईंचे गुडघे दुखतात, दुकानापर्यंत येणं होत नाही. बिघडलेल्या पत्रिका मीच नेऊन देतो. एखादी खेप बिनचूक निघाली, तरी चार जास्तीच्या छापून पिशवीत टाकतो. त्या दुकानात नसतात, पण मजकूर घेऊन कुणी आलं की माझ्या तोंडून त्यांच्याच सुरात प्रश्न निघतो, "घरात आणखी कोणी राह्यलं काय?" बहुतेक लोक हसून नाही म्हणतात. एखादा मात्र कागद माझ्या हातातून परत घेतो आणि खिशात पेन शोधू लागतो. तेव्हा मी उगाच मशीन पुसत बसतो.