वहिनीच्या पायांवरचे निळे डाग

बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या माण तालुक्यातल्या गावात हिरवं काही उरलं नव्हतं. परसातल्या शेवग्याचा पालाही शेरडांनी ओरबाडून संपवला. दादा मुंबईला गिरणीत; घरी आई, वहिनी आणि मी. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि रेशनच्या तांबड्या मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीची, भाकरी चटणीशी खायची. पोट भरत होतं, त्यामुळं खाण्यात काही उणं आहे असं मनातही आलं नाही.

आधी वहिनीच्या हिरड्या सुजल्या. चावलेल्या भाकरीला रक्त लागायचं. मग कुठं पडली-झडली नसताना पायांवर निळे डाग उठले. आणि एका सकाळी तिच्या हातावरचा, लहानपणी विळी लागल्याचा व्रण आपोआप उकलला. कैक वर्षांपूर्वी भरून आलेली जखम पुन्हा तोंड उघडून बसली होती.

आई हादरली. "कुणीतरी करणी केलीय गं हिला."

शेजारची म्हातारी आमच्याबरोबरच कामावर असायची. तिनं लुगडं सावरून पिंढऱ्या दाखवल्या. तिथंही तेच डाग. "माझ्याबी हायेत की. दम लागतोय, दुसरं काय न्हाई." त्याच आठवड्यात ती खडीच्या ढिगाशी पाणी प्यायला बसली, ती उठलीच नाही.

आई देवऋषी आणायला निघाली. कधी वर मान करून न बोलणारी वहिनी दारात आडवी आली.

"आत्याबाई, मला दवाखान्यात न्या. शेजारच्या म्हातारीवानी मरायचं न्हाई मला."

दहिवडीच्या डॉक्टरांनी ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. "भाजी, फळ कधी खाल्लंस?"

वहिनी आठवत राहिली. तिला आठवेना.

"करणी नाही, क जीवनसत्त्व संपलंय," ते आईला म्हणाले. "जखम त्याच्यावर सांधते. ते नसलं की सांधलेलंही उसवतं." त्यांनी गोळ्या दिल्या आणि लिंबू, आवळा, पेरू मिळेल तिथून खा म्हणाले. त्याच जीवनसत्त्वाला आता अँटिऑक्सिडंट म्हणतात, पेशींची झीज रोखतं म्हणून तरतरीत चेहऱ्यांच्या जाहिराती करतात. मला मात्र ते नसलेलं शरीर आठवतं.

आष्ट्याला मावशी दिली होती. तिच्या मळ्याला पाणी होतं. वहिनीला घेऊन मी एस.टी.नं तिकडं गेले. मावशीनं पेरूच्या बारीक फोडी केल्या. सुजल्या हिरड्यांनी वहिनी त्या चघळत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण थांबत नव्हती. पंधरवड्यात रक्त थांबलं, व्रण मिटला.

परतताना मावशीनं पिशवीभर लिंबं दिली. घरी आई जनावरांपाशी बसली होती. हसली, तेव्हा तिच्या दातांच्या फटींत रक्त दिसलं.

"कवापासनं?" मी विचारलं.

"तुमी गेल्यापासनं."

तिला लिंबाचं पाणी पाजलं. तीही हळूहळू सावरली. उरलेली लिंबं घेऊन मी आळीत फिरले. दारादारांतून बायका बाहेर येत होत्या, आणि जवळजवळ प्रत्येकीनं बोलताना पदर तोंडावर धरला होता. पिशवी दुसऱ्या टोकाला पोचण्याआधीच रिकामी झाली.