बैलाची लाथ

बारामतीत ज्या सोनोग्राफी सेंटरात मी रिपोर्ट टाइप करतो, तिथल्या डॉक्टरांचा कुणावरच विश्वास नाही. मुलगा की मुलगी हे कळू नये म्हणून गरोदर बायकांना तपासताना स्क्रीन भिंतीकडं वळवायची सवय. ती पुरुषांना तपासतानाही सुटत नाही. पेशंट काहीही सांगू दे, मान तिरकी करून म्हणणार, "बरं, तुमी म्हणता तर." मी आजारपणाची रजा मागितली तरी हेच.

परवा इंदापूरकडचा एक तरुण पाय फाकवत, भिंतीला धरत आला. "बैलानं लाथ मारली," हे सांगितलं सोबतच्या थोरल्या भावानं. पुढच्या प्रत्येक प्रश्नालाही भाऊच उत्तर द्यायला लागला, तसं डॉक्टरांनी त्याला बाहेर बसवलं.

तपासता तपासता त्यांनी स्क्रीन पेशंटकडं वळवला. त्यांना असं करताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"डावा अंडकोष फाटलाय, आजच ऑपरेशन लागंल. आन् मार तीन ठिकाणी हाय. बैल एवढा नेम धरून मारतो व्हय?"

तरुणानं दाराकडं पाहिलं. "बैलच हाय, सायेब."

या वेळी डॉक्टर "बरं" म्हणाले नाहीत. मला सांगितलं, "लिही. मार तीन ठिकाणी. कारण बैलाची लाथ, असं भावाचं म्हणणं."

बाहेर भावानं रिपोर्ट वाचला. त्या ओळीवर त्याचं बोट थांबलं.

"ह्यात मी कशाला?"

डॉक्टर दारातच उभे होते. मान तिरकी करून म्हणाले, "बैल तुमीच पाहिला न्हवं?"