पेलाभर मचूळ पाणी

माझ्या सासरच्या गावची विहीर फक्त सरकारदरबारी गोड होती. प्रत्यक्षात ती दिवाळीपर्यंत बरी, पौष सरला की मचूळ, आणि चैत्रात तर त्या पाण्यात डाळ शिजेना, चहात दूध घातलं की फाटायचं. बांधापलीकडे खाडी, अलीकडे भातशेतं, मधे आम्ही. विहिरीचा तरी काय दोष? स्वराज्य आल्यावर मोठ्या कौतुकानं बांधून दिलेली ती विहीर आम्ही धुण्याभांड्याला वापरायचो. प्यायचं पाणी बायकांनी डोंगराखालच्या झऱ्यावरून आणायचं. त्यात अख्खी सकाळ जायची.

मी अलिबागची, सातवी पास. त्या काळी सातवी पास सून म्हणजे घरातला दागिनाच, फक्त तो घालायचा कुठं ते कुणाला ठाऊक नव्हतं. गावच्या शाळेत चार इयत्तांना एकच मास्तर. दुसरी जागा निघणार होती, आणि मास्तर स्वतः घरी येऊन सूनबाईंना पाठवता का, असं विचारून गेले होते. सासरे गावचे पंच. त्यांची ना नव्हती. सासूबाईंचे गुडघे मात्र धरलेले. त्या म्हणाल्या, "मी कशाला न्हाय म्हनू? पन पानी कोन आनंल? आदी गावान पानी येऊंदे, मंग जा खुशाल शालंन."

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. मला शाळा हवी असेल तर आधी गावाला पाणी हवं होतं.

आणि ते मिळण्याजोगं होतं. शेजारच्या गावाला मिळालंच होतं की! दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर तालुक्याहून एक साहेब सायकलवर विहिरी तपासायला यायचे. वाकून तळ बघायचे, कठड्याला चीर गेली का, सांडपाणी कुठं जातं, औषधाची तांबडी पूड टाकता की नाही, हे विचारायचे, आणि शेवटी पाणी पिऊन बघायचे. शेजारच्या गावानं त्यांना विहिरीवरच ओंजळ धरायला लावली. साहेबांचं तोंड वाकडं झालं, शेरा वाईट पडला आणि पुढच्याच वर्षी त्या गावाला डोंगराच्या बाजूला गोड्या पाण्याची नवी विहीर मिळाली. आमचं गाव त्या गावकऱ्यांना अजून हसत होतं. "पावण्याला खारा पानी पाजनारी मानसा!"

आमच्याकडे पाहुण्याला विहिरीवर उभ्यानं पाणी देत नसत. त्याला ओटीवर घोंगडीवर बसवायचं, गुळाचा खडा द्यायचा, मग पाणी. आणि पाहुण्याचं पाणी म्हणजे झऱ्याचं. तपासणीची खबर आली की सासूबाई मला सकाळीच झऱ्यावर पिटाळायच्या. साहेब विहीर बघून ओटीवर यायचे, झऱ्याचं पाणी प्यायचे आणि विहिरीला शाबासकी देऊन जायचे. आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा! एकदा मी सासऱ्यांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "कलतंय गो मला. पन त्याला काय मचूल पाजू?"

त्या वर्षी माघात सासूबाई पालीच्या जत्रेला गेल्या. देवाला जायचं म्हटलं की त्यांचे गुडघे बरे चालायचे. नेमके तेव्हाच साहेब न कळवता उगवले. विहीर बघून झाली, सासऱ्यांनी त्यांना ओटीवर बसवलं आणि आत हाक मारली, "पानी आन गो."

माठात झऱ्याचं पाणी होतं. मी त्याला हात लावला नाही. मागच्या दारानं विहिरीवर गेले आणि ताजं पाणी ओढून आणलं. गूळही ठेवला नाही, चव झाकायला नको म्हणून. परक्या पुरुषाशी बोलायची सुनेला मुभा नव्हती. म्हटलं, आता पाणीच काय ते बोलेल.

साहेबांनी पेला तोंडाला लावला. पहिल्याच घोटाला ते थांबले. मी दाराआडून बघत होते. घोट गळ्याखाली उतरेना. आता पेला खाली ठेवतील, असं मला वाटलं. त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे बिचारे हसऱ्या तोंडानं समोर बसलेले, त्यांना काय माहीत! साहेबांनी डोळे मिटले आणि पेला रिकामा केला.

"छान आहे," ते म्हणाले. "गार आहे अगदी."

ज्याच्या ओटीवर बसलो त्याच्या पाण्याला नावं ठेवू नयेत, हे त्यांच्याही आईनं शिकवलेलं असणार. विहिरीवर होते तोवर ते सरकारी माणूस होते. ओटीवर बसले आणि पाहुणे झाले. सायकल बांधावरून दिसेनाशी होईपर्यंत मी मागच्या दारात उभी होते. धावत जाऊन सांगावं असं फार वाटलं. पाय उचलला नाही, आणि त्याची चुटपुट अजून जात नाही.

शेरा चांगला पडला. जूनमध्ये शाळेतल्या त्या दुसऱ्या जागेवर परगावचे मास्तर रुजू झाले.

सासूबाई जत्रेहून आल्या तेव्हा मी काही लपवलं नाही. त्या तापल्या, कपाळावर हात मारून घेतला. मग जरा वेळानं त्यांनी विचारलं, "सगला प्याला?"

"सगळा."

"भल्या घरचा हाय," त्या म्हणाल्या.

पुढल्या वर्षी तेच साहेब यायची खबर आली. सासूबाईंनी घासलेला हंडा माझ्यापुढं ठेवला. "त्यानं आपली लाज राखली. त्याला झऱ्याचा गोड पानी पाज."

खरं सांगते, मलाही ते पटलं. मी हंडा घेतला आणि शाळेवरून झऱ्याकडे निघाले.