लिंबाजी कोतवालाची उमर

लिंबाजी कोतवालाला कुणाचंही वय विचारलं, की तो आकडा सांगायचा नाही. आधी त्या माणसाच्या जन्माच्या दिवशी गावात काय चाललं होतं, ते सांगायचा. "गणपतराव व्हय? त्ये झाले तवा पटवाऱ्याची घोडी वढ्यात रुतल्ती. समदं गाव घोडी काढायला, आन हिकडं गणपतरावाची माय एकटी. मानमोडीच्या आदल्या सालची गोष्ट. लिवा अडुसष्ट." मानमोडी म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या शेवटी आलेली तापाची साथ, हे मला नंतर मॅडमनी सांगितलं. मी मात्र तिथल्या तिथे अडुसष्ट लिहून मोकळी झाले होते.

पंच्याऐंशी साली मी परभणीत गृहविज्ञानाच्या एका कॉलेजात हंगामी संशोधन सहायक होते. वय तेवीस, तोऱ्याला मात्र पुष्कळ जागा. खेड्यातली म्हातारी माणसं काय खातात, किती चालतात, झोपतात कशी, कशाने टिकतात आणि कशाने खचतात, असा आमचा अभ्यास होता. आमच्या मॅडम प्रकल्पाच्या प्रमुख. जीपमध्ये वजनकाटा, उंचीची पट्टी आणि मुठीचा जोर मोजायचं एक यंत्र. त्या यंत्रावर म्हातारे तालमीत उतरल्यासारखे तुटून पडायचे. पेडगावच्या पुढे, जीपची हाडं खिळखिळी करणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव होतं. त्याचं नाव लिहीत नाही. त्यातली माणसं अजून आहेत.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. तक्त्यातला पहिला रकाना वयाचा. एका आजींनी खुशाल सांगितलं, "लिव की चाळीस." शेजारी त्यांचा डोकं पिकलेला मुलगा बसला होता. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "आसंल पन्नास-साठ." आईपेक्षा मुलगा मोठा असा तक्ता मॅडमच्या टेबलावर ठेवला असता, तर माझी नोकरी तिथंच आटोपली असती. शेवटी ग्रामसेवक म्हणाले, लिंबाजीला बोलावतो.

लिंबाजी आला तो खाकी कोटात. कोतवाली सोडून त्याला सात वर्षं झाली होती. बिल्ला गेला होता, कोटावर बिल्ल्याचं भोक तेवढं राहिलं होतं. उंच, वाळका, हातात काठी. "जयभीम, बाई," तो म्हणाला. मी "नमस्कार" म्हणाले. त्याला उलट जयभीम म्हणायला माझी जीभ वळायला तीन महिने लागले, हे आज सांगायला लाज वाटते.

त्याचं घराणं मोगलाईपासून गावाचं येसकर. गावात कोणी जन्मलं किंवा मेलं, की त्याची खबर पोलिस पाटलाला द्यायची, सांगावा घेऊन परगावी जायचं, हे त्यांचं काम. छप्पन साली धम्म घेतल्यावर त्याने मेलेली गुरं ओढायचं-फाडायचं सगळं सोडून दिलं, पण खबर देण्याचं काम सरकारी म्हणून राहिलं. बापाने त्याला लहानपणी बोटाला धरून गल्लीगल्लीतून फिरवलं होतं आणि घर दिसलं की त्या घरातले जन्म त्याच्याकडून म्हणून घेतले होते. लग्न होऊन आलेल्या बायकांचाही त्याच्याकडे हिशोब होता. कोण किती वर्षांची असताना वेशीतून आत आली, ते तो सांगायचा. एखाद्या ठिकाणी अडलाच, तर डोळे मिटून उभा राहायचा. मी घड्याळ बघायला लागले की म्हणायचा, "थांबा की, बाई. कच्ची खबर द्यायची न्हाई. मानसाच्या जलमाची हाय."

वरच्या आळीत तो कोणाच्या घरात शिरत नसे. मी ओसरीवर बसून प्रश्न विचारायची आणि तो गल्लीतून आवाज द्यायचा. मला वाटायचं, त्याला आत घेत नाहीत. ते तर होतंच. दत्तराव मालकांच्या घरी तर तो गल्लीच्या पार पलीकडच्या कडेला, ओट्याकडे पाठ करून उभा राहिला. तिथूनच म्हणाला, "मानमोडीच्या दुसऱ्या साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिशी. लिवा सहासष्ट. त्यांच्या जलमाचा सांगावा घिऊन माजा बाप चुडाव्याला, त्यांच्या आजोळी गेल्ता." दत्तराव मान डोलावत म्हणाले, "बराबर हाय." मी लिहिलं. खाली साक्षीदार म्हणून लिंबाजीने सही केली, वाकडी पण पूर्ण नावाची. गावातल्या जवळपास सगळ्या तक्त्यांवर ती सही होती. मॅडम म्हणायच्या, या माणसामुळे आपला अभ्यास उभा आहे.

एवढं पुढे-पुढे चालणारा माणूस, पण त्याला दिसत किती होतं हे सहा महिने माझ्या ध्यानात आलं नाही. गाव त्याला पाठ होतं, म्हणून तो चालायचा. एका दुपारी कोणीतरी बैलगाडी नेहमीच्या जागी न सोडता गल्लीच्या मध्येच सोडली होती. बोलता बोलता लिंबाजी सरळ तिच्या धुऱ्यावर जाऊन आदळला. कपाळ फुटलं. मी रुमाल धरला तेव्हा जवळून पाहिलं. दोन्ही बुबुळांवर दुधासारखी साय. "कधीपासून, बाबा?" मी विचारलं. "झाले की दोन साल," तो म्हणाला. "तुमच्या यंतरात डोळ्याचं काई न्हाई व्हय?"

नव्हतं. पण त्याच हिवाळ्यात मॅडमनी धडपड करून एका धर्मादाय मंडळाकडून मोतीबिंदूचं शिबिर आणलं. नुसती माहिती गोळा करून निघून जायचं नाही, गावाला काही परतही द्यायचं, असा त्यांचा आग्रह होता आणि तो मला आजही पटतो. अट एकच: वय साठीच्या पुढचं हवं. त्याला कागद हवा, नाहीतर गावातल्या तेवढ्याच किंवा मोठ्या वयाच्या माणसाची साक्ष. बाकीच्यांसाठी मॅडमनी लिंबाजीची साक्ष मंडळाकडून मान्य करून घेतली होती. स्वतःची साक्ष स्वतःला कशी चालणार?

लिंबाजीचा कोतवालीचा कागद अठ्ठ्याहत्तर साली घरासोबत जळाला होता. त्याच्या वस्तीत त्याच्याएवढं म्हातारं कोणीच उरलं नव्हतं. वस्तीतली माणसं आमच्या अभ्यासात इतकी थोडी का, हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाच पडला नव्हता. वरच्या आळीतल्या थोरल्या बायका लग्न होऊन आलेल्या, आणि गणपतरावांसारखे थोरले पुरुष वस्तीतल्या जन्मांची दखल घेणारे नव्हेत. त्यांना त्याचा जन्म कुठून ठाऊक असणार? "मग तुमच्या जन्माची खबर दिली कोणी?" मी विचारलं. तो हसला. "कोन देनार? बाप चुडाव्याला गेल्ता न्हवं. परत आला तर मी पाळन्यात. दुसऱ्याच्या पोराचा सांगावा सांगून आला, मपल्याचा ऱ्हाऊनच गेला." म्हणजे तो आणि दत्तराव एकाच दिवसाचे. आणि हे सांगू शकणारा माणूस गावात एकच होता.

लिंबाजीला न विचारता मी दत्तरावांच्या बैठकीत गेले. त्यांनी चहा मागवला. माझं आडनाव त्यांना ठाऊक होतं; "तुमी आपल्यातल्याच," असं ते दर खेपेला म्हणायचे आणि मी दर खेपेला गप्प बसायची. ते म्हणाले, "लिंबाजी माज्या बरोबरीचा हाय, मला म्हाईत न्हाई व्हय? पर त्यानं यावं की. सात साल झाले, ह्या ओट्याकडं त्यानं मान वळवली न्हाई. येक डाव यावं, मालक सई करा म्हनावं. लगेच करतो." मला हे फार अवघड वाटलं नाही. दहा पावलं चालायची, चार शब्द बोलायचे आणि डोळे मिळवायचे. मोठ्या उत्साहाने मी तो निरोप घेऊन वस्तीत गेले.

लिंबाजीची मुलगी सुभद्रा चुलीपाशी होती. तिने निरोप ऐकला आणि भाकरी थापायची थांबली. लिंबाजीने काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "बाई, नामांतराच्या त्या सालात मशाली कुठून निघाल्या ते तुमाला कोनी सांगिटलं न्हाई वाटतं. त्याच ओट्यावरनं. मी वळकलं समद्यांला. त्यातला येक बावीस सालाचा, आमी धम्म घेतला त्या सालचा. त्याच्या जलमाची खबर मीच दिल्ती. मालकाच्याच घरातला जलम, तवा मला गूळ दिल्ता त्यांनी." तो पुढे म्हणाला, "पंचनाम्याला साहेब आला. मी नावं सांगिटली. नाव, बापाचं नाव, उमर. येक बी चुकीची न्हाई. साहेबानं लिवलीच न्हाईत. म्हनला, पुरावा काय? म्हनून मी बिल्ला ठिवून आलो."

तो माझ्याकडे सरकला. "बाई, तुमीच लिवा की. मालकाची उमर मी सांगिटली ती लिवली न्हवं? तीच मपली. ह्या गावातल्या इतक्या मानसाच्या उमरी मी सांगिटल्या, कवा पुरावा मागितला का?" लेखणी माझ्या हातात होती. तक्ता मांडीवर होता. सहासष्ट हा आकडा दत्तरावांच्या तक्त्यात माझ्याच अक्षरात पडला होता. पण मार्चमध्ये माझी नेमणूक संपत होती, शिबिराच्या याद्या तपासल्या जाणार होत्या आणि दत्तरावांनी कोणापाशी ब्र काढला तर, ही भीती होती. मी म्हणाले, "बाबा, तसं करता येत नाही. काहीतरी पुरावा लागेल." तो म्हणाला, "बरं." सुभद्राने तव्यावरची भाकरी उलटली. ती करपली होती.

रागवून तो यायचा थांबला असता तर मला सोपं गेलं असतं. शिबिराच्या दिवशी तो सकाळीच जीपपाशी हजर होता. यादी माझ्या हातात, पण नावं तोच पुकारत होता, तोंडपाठ. एकेकाला हात देऊन जीपमध्ये चढवत होता. दत्तराव आले तेव्हा तो बाजूला झाला आणि काठीने रस्ता चाचपत वस्तीकडे निघाला. आठवड्याने दत्तराव डोळ्यावर हिरवी पट्टी लावून परत आले. महिन्याभराने त्यांना वर्तमानपत्र वाचता यायला लागलं. त्यांच्या साक्षीच्या रकान्यात लिंबाजीची सही होती.

सुभद्रा रोजाने कामाला जायची. दुसऱ्या साली सुगी आटोपल्यावर ती त्याला परभणीला घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. हे मला तिनेच मोंढ्याच्या बाजारात भेटल्यावर सांगितलं, आवाज न चढवता. तोपर्यंत आमचा अहवाल छापून झाला होता. त्यात ग्रामस्थांच्या बहुमोल सहकार्याचा उल्लेख होता. माझी नोकरी कायम झाली.

त्यानंतर मी गावात गेले, तीन-चारदा. दर वेळी तो माझ्या पावलांवरून ओळखायचा. दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या आवाजावरून त्याची उमर सांगायचा, गावातल्या नव्या जन्मांची खबर सुभद्राकडून घेऊन पाठ करायचा. एकदा मी धीर करून म्हणाले, "बाबा, माझं चुकलं." तो म्हणाला, "तुमची उमरच काय व्हती तवा? तेवीस." एवढंच. त्याने मला माफ केलं की नाही, हे मला त्यावरून कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

चौऱ्याण्णव साली त्याच म्हाताऱ्यांची पुन्हा पाहणी करायची ठरली. पोळा होऊन पाचसहा दिवस झाले होते. जीप थेट ग्रामपंचायतीपाशी थांबली, तर ओसरीवर सुभद्रा उभी. लिंबाजी चार दिवसांपूर्वी गेला होता. ती नोंद करायला आली होती. "नामांतर झाल्याचं रेडूवर ऐकलं तवा," ती मला हळूच म्हणाली, "मला म्हनला, खबर पक्की हाय का, कोनाला तरी इचारून ये. मी दोघातिघांला इचारून आले तवा कुठं जेवला."

नवा ग्रामसेवक रजिस्टर उघडून बसला होता. नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं. "वय?" सुभद्राने रजिस्टरकडे पाहिलं. "त्यानं कवा सांगिटलंच न्हाई सोताचं," ती म्हणाली. ग्रामसेवक लेखणी धरून थांबला. बाकावर वरच्या आळीतला एक म्हातारा तंबाखू मळत बसला होता. मान वर न करताच तो म्हणाला, "लिंबाजीला इचारा की. त्याला समद्यांच्या..."

मळणारा अंगठा थांबला. दत्तराव दोन वर्षांपूर्वीच वारले होते.

"पंच्याहत्तर," मी म्हणाले. "लिहा, पूर्ण पंच्याहत्तर."

ग्रामसेवकाने माझ्याकडे पाहिलं, दारातल्या जीपकडे पाहिलं, आणि "बरं, मॅडम" म्हणून लिहिलं. पुरावा मागितला नाही.